वरचा एक

यंदा शिमग्याला पालखीची वाट बघत आम्ही देवळात बसलो होतो. दुपारचे तीन वाजून गेलेले. सभामंडपाच्या फरशीला पाठ टेकावी म्हटलं तर तीही कोमट झालेली. बाहेर काजूच्या बोंडांचा आंबूस वास, मधूनच खाडीकडून येणारी वाऱ्याची एक झुळूक आणि वरच्या वाडीत कुठेतरी ढोलावर कोणी तरी नुसताच हात बसवून बघत होता. माझी भाची मुक्ता आठवीत आहे. फोन घरी चार्जिंगला लावून आल्यामुळे ती देवळात दिसेल ते वाचत होती. घंटेवरची नावं झाली, खांबावरची झाली आणि मग ती देणगीदारांच्या पाटीशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्या संगमरवरावर काळ्या रंगात खोदलेली, खाली शके १९२० घातलेली ती पाटी मला पाठ आहे. वरून तिसरी ओळ आमची. आडनावापुढे ‘समस्त बंधू’ आणि समोर रुपये १,००,००१. मुक्ता बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती. मग वळून तिने विचारलं, “आत्या, याला कशानं भाग जातो गं?”

मी पटकन म्हणून गेले, “कशानंच नाही. म्हणून तर वरचा एक असतो.”

हे मी ज्या खात्रीनं म्हटलं, ती खात्री मला बाबांकडून मिळालेली. आमच्याकडे लग्नामुंजीच्या आहेराची पाकिटं भरायचं काम ओटीवर बाबांच्या समोर बसून चालायचं. पाकिटाच्या कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असलं तरी बाबा ते बोटानं चाचपून बघायचे. कुणी घाईत शंभराची नुसती नोट घातली तर पाकीट परत उघडायला लावायचे. म्हणायचे, “शून्यावर हिशेब मिटतो. एकावर चालू राहतो.” लहानपणी मी याचा अर्थ असा लावला होता की शंभर ही तुटणारी गोष्ट आहे. तिचे पन्नास-पन्नास होतात, पंचवीस-पंचवीस होतात, दहा जणांत ती सहज वाटली जाते. तिच्यावर एक ठेवला की ती बांधली जाते. त्या वरच्या एकाला मी मनात नारळाच्या शेंडीसारखं धरलं होतं. शेंडी आहे तोवर नारळ पूजेचा, शेंडी काढली की तो फोडायचा. आजी भात मोजायची तेव्हा पहिल्या पायलीला कधी ‘एक’ म्हणायची नाही, ‘लाभ’ म्हणायची. लाभ, दोन, तीन, चार. म्हणजे एक हा आमच्या घरात कधी नुसता आकडा नव्हताच.

आणि त्या पाटीवरच्या आकड्याचा तर मी माझ्यापुरता हिशेबही करून टाकलेला होता. सामायिक सातबाऱ्यावर अकरा नावं. अकरा घरं, सगळी एकाच पणज्याची. पैकी भाऊकाका तेव्हा आमच्याविरुद्ध कोर्टात गेलेले. उरली दहा घरं. दहा घरांचे दहा-दहा हजार, झाले एक लाख. वरचा रुपया बाबांचा. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सभामंडपाचं काम निघालं त्या वर्षी मी पुण्यात हॉस्टेलवर होते आणि पाटी बसल्यावरच गावी आले. पण आकडा स्वतःच इतका सरळ बोलत होता, की विचारायची गरज वाटली नाही. दहा घरं, दहा हजार, वर एक. ‘समस्त बंधू’ हे शब्द वाचताना दर वेळी माझ्या मनात यायचं, समस्त कुठले, एक सोडून.

भाऊकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, आगरात आमच्या शेजारचे. दोन आगरांच्या मधे जांभ्याचा कोरडा गडगा आणि गडग्याच्या अंगाशी एक बरका फणस. एका पावसात गडगा पडला. तो परत रचताना दोन हात इकडे आला की तिकडे गेला, यावरून जे सुरू झालं ते दापोलीच्या कोर्टात पोहोचलं आणि बारा वर्षं तिथेच राहिलं. त्या बारा वर्षांत फणस दर उन्हाळ्यात धरत होता आणि दोन्ही घरांतून कोणी हात लावत नव्हतं. पिकून फुटलेल्या गऱ्यांचा वास मात्र दोन्ही पडव्यांत सारखाच यायचा. आई त्या वासानं दार लोटून घ्यायची. मला आठवतं, मी नववी-दहावीत असेन, भाऊकाका पाखाडीवरून समोरून उतरत असले की मी गडग्याला टेकून, मान खाली घालून उभी राहायची. तेही काही न बोलता निघून जायचे. चपलांचा करकर आवाज खालच्या वळणापर्यंत ऐकू यायचा.

पण त्याच्याही आधी, गडगा उभा होता तेव्हा, मला आकडे काढायला भाऊकाकांनीच शिकवलं होतं.

आंब्याच्या दिवसांत त्यांच्या पडवीत पेट्या भरल्या जायच्या. आढीतून काढलेले आंबे, पेंढा, सुतळी, खिळे आणि कोपऱ्यात निळ्या रंगाचा डबा. पेटीवर आकडा घालायचं काम त्यांचं. दुसऱ्या कोणाला ते ब्रश देत नसत. मला मात्र फुटक्या फळीवर सरावाला देत. त्यांचा ९ जगावेगळा होता. वरचा गोल छोटा, घट्ट, गाठ मारल्यासारखा. मग शेपूट खाली यायचं, आणि आपण जिथे थांबतो तिथे ते न थांबता परत वर उचललं जायचं, मासे धरायच्या गळासारखं. मी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत काडीनं तसे नऊच्या नऊ नऊ काढायची. शाळेत बाईंनी त्यावर लाल फुली मारली तेव्हा मी रडत भाऊकाकांकडे गेले होते. त्यांनी पाटी हातात घेतली, बघितली आणि म्हणाले, “अगो, नऊ म्हणजे शेवटचा. त्याच्यापुढे आकडा नाही. त्याला टांगायला काही नको?” मी शाळेत बाईंसारखा आणि घरी भाऊकाकांसारखा ९ काढायला लागले. गडगा पडल्यानंतर दोन्हीकडे बाईंसारखाच.

तर मुक्ता. तिला माझं उत्तर पटलं नाही. फरशीवर बसून, कोणाच्या तरी वर्गणीच्या पावतीमागे तिने आकडा लिहिला आणि दोनच मिनिटांत माझ्याकडे सरकत म्हणाली, “जातो की. अकरानं जातो.” तिला शाळेत कसोटी शिकवली होती. एक सोडून एक अंक घ्यायचे. पहिला, तिसरा, पाचवा: एक, शून्य, शून्य, बेरीज एक. दुसरा, चौथा, सहावा: शून्य, शून्य, एक, बेरीज एक. दोन्ही बेरजा सारख्या, वजाबाकी शून्य, म्हणून अकरानं भाग जातो. “बघ, नऊ हजार एक्क्याण्णव.” तिने भागाकार पुरा करून दाखवला. अकरा गुणिले ९०९१ बरोबर १,००,००१. बाकी काही नाही.

मला खूप वेळ काही सुचलं नाही.

ही कसोटी का लागू पडते हे मुक्ताला शाळेत सांगितलेलं नव्हतं. ते मी तिला देवळाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, आणि सांगता सांगता माझंच मन स्थिर झालं. दहा हा अकराला एक कमी. शंभर हे ९९ हून एक जास्त, आणि ९९ म्हणजे नऊ अकरा. हजार परत एक कमी, कारण १००१ म्हणजे ९१ अकरा. दहा हजार एक जास्त, ९९९९ म्हणजे ९०९ अकरा. मग एक लाख परत एक कमी. दहाचा प्रत्येक पुढचा घात अकराच्या दाराशी येतो आणि कधी एक पायरी अलीकडे थांबतो, कधी एक पायरी पलीकडे जातो. म्हणून अंक आळीपाळीनं घ्यायचे. आणि एक लाख? तो अलीकडे थांबलेल्यांपैकी. अकरांत वाटायला बसलं तर ९०९० चा भाग जातो आणि दहा उरतात. दहा म्हणजे अकराला फक्त एक कमी. वर एक ठेवला की कोणी उपाशी राहत नाही. आयुष्यभर मी ज्या एकाला कुलूप समजत होते, तो या आकड्यात किल्ली होता. वरच्या एकामुळे एक लाख न वाटता येणारे होत नाहीत. उलट अकरा जणांत ते बरोब्बर वाटले जातात, ते त्या एकामुळेच. दहा जणांत मात्र १,००,००१ वाटायला गेलं तर एक उरतोच.

पालखी आली तेव्हा मी उठून उभी राहिले, गुलाल घेतला, हातही जोडले. पण डोक्यात ९०९१ चाललं होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मुक्ता आणि मी ओटीवर कंदिलासारख्या मंद बल्बखाली बसून ९०९१ च्या मागे लागलो. यालाही कशानं भाग जातो का? ९५ च्या पुढे बघायची गरज नव्हती, कारण ९५ चा वर्ग ९०२५ आणि ९६ चा ९२१६, म्हणजे एक भाजक त्याच्या आतच सापडायला हवा. तिथवर चोवीस मूळ संख्या आहेत. अर्ध्या मी घेतल्या, अर्ध्या तिने. सातानं पाच उरले, तेरानं चार. ४३ नं अठरा. ६१ शी आल्यावर मुक्ता जवळजवळ ओरडलीच, कारण ६१ गुणिले १४९ म्हणजे ९०८९; फक्त दोन उरत होते. तिला वाटलं आपलंच कुठे तरी चुकलं असेल. तिने तो भागाकार तीनदा केला. दोन ते दोनच. मग ७१ नं तीन उरले. ८९ ला तेरा उरले तेव्हा झाडामागे भरतीचा आवाज वाढला होता आणि आमच्या हाताशी काही राहिलं नव्हतं. ९०९१ मूळ संख्या आहे. म्हणजे १,००,००१ चे तुकडे पडतात ते एकाच तऱ्हेनं: अकरा वाट्यांत ९०९१, नाही तर ९०९१ वाट्यांत अकरा. तिसरी वाटणी नाही. दोघांत, तिघांत, सात जणांत, दहा जणांत, बारा जणांत हा आकडा वाटायला घेतला तर काही ना काही उरणारच. जगात इतक्या कुटुंबांत इतके भाऊ असतील. या आकड्याला अकराच चालतात.

मग मी त्याच्या भावंडांकडे वळले, कारण आहेराचे सगळेच आकडे असे. १०१ खरोखरच मूळ आहे. बाबांचं ‘न तुटणारं’ त्याला अगदी लागू. १००१ मात्र सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार आहे. १०,००१ वरवर अभेद्य दिसतो, पण ७३ आणि १३७ यांनी तुटतो. १०,००,००१ म्हणजे १०१ गुणिले ९९०१. दोन एकांच्या मधली शून्यं जोडीनं आली, म्हणजे दोन, चार, सहा अशी, की अकरानं भाग जातोच. आणि या सगळ्या कुळात ११ आणि १०१ सोडून तिसरी मूळ संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही, मधे कितीही शून्यं घाला. मुक्ताला मी आणखी एक गंमत दाखवली. कुठलाही पाच अंकी आकडा धर, म्हटलं. तिने ३६५२४ धरला. तो शेजारी परत लिही: ३६५२४३६५२४. याला १,००,००१ नं भाग जाणार, कारण हा त्या आकड्याची १,००,००१ पट आहे. शेवटचा एक त्याला त्याच्या जागी ठेवतो आणि पुढचा एक त्याला पाच घरं डावीकडे नेऊन ठेवतो. ती स्वतःशीच हसत राहिली आणि आडनावांसारखे आकडे जोडीनं लिहीत बसली.

हे वेड आमच्या किनाऱ्याला नवं नाही. आमच्या ओटीवरून आंजर्ल्याच्या बाजूचा डोंगर दिसतो आणि त्या अंगाला मुर्डी. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथले, १८७६ चा जन्म. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय. पुढे त्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक होतं, आणि १९२७ मध्ये ते मिळालं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना. कापरेकरही किनाऱ्यावरचेच, १९०५ साली डहाणूला जन्मलेले. नंतर नाशिकजवळ देवळालीत ते शाळेत शिकवत राहिले आणि उरलेल्या सगळ्या वेळात संख्यांशी बोलत राहिले. चार अंकी आकड्याचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की जवळजवळ प्रत्येक आकडा शेवटी ज्यावर येऊन थांबतो, त्या ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण मला त्यांची आणखी एक कल्पना जास्त जवळची वाटते. कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, पुढची संख्या जन्माला येते. २३ घेतले तर दोन आणि तीन पाच, म्हणून २८. अशा रीतीनं ज्या संख्येला कोणीच जन्म देऊ शकत नाही, तिला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. गणपतीपुळ्याच्या गणपतीला आपण म्हणतो तसंच, ज्याला कोणी घडवलेलं नाही. आणि जी संख्या दोन वेगवेगळ्या संख्यांतून जन्मते, जिच्यापाशी दोन वाटा येऊन मिळतात, तिला म्हटलं जंक्शन. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्याविषयी लिहिलं, तोवर आपल्याकडे कितीतरी जणांनी या माणसाला नुसतेच एक छंदिष्ट मास्तर म्हणून बाजूला ठेवलेलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्यानं विद्यापीठांच्या बाहेर राहून आकड्यांवर एवढी माया केली, त्याच्या वह्या किती जणांनी उघडून बघितल्या असतील?

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी १,००,००१ ला कापरेकरांची कसोटी लावून बघितली. पहिली वाट तर डोळ्यासमोरच होती. एक लाखाच्या अंकांची बेरीज एक. ती एक लाखातच मिळवली की एक लाख एक. म्हणजे वरचा एक बाहेरून आणलेला नाहीच. तो लाखाच्याच पोटातला आहे. पण हा आकडा स्वयंभू नाही एवढ्यावर मला समाधान वाटेना, म्हणून मी दुसरी वाट शोधत राहिले. ती सापडली ९९,९६४ पाशी. नऊ, नऊ, नऊ, सहा, चार, बेरीज ३७, ९९,९६४ आणि ३७ मिळून एक लाख एक. जंक्शन. उठून दिवा लावला आणि बाकीचे आहेरही बघितले. १०१ ला शंभरातून एक वाट येते आणि ९१ मधून दुसरी. १००१ ला हजारातून आणि ९८२ मधून. १०,००१ ला दहा हजारातून आणि ९९७३ मधून. चारही आकडे एकाखाली एक लिहिले: ९१, ९८२, ९९७३, ९९,९६४. पहिला शंभराला नऊ कमी. दुसरा हजाराला अठरा कमी. तिसरा दहा हजाराला सत्तावीस कमी. चौथा लाखाला छत्तीस कमी. नवाचा पाढा. रात्री दीड वाजता, बाहेर राखणीच्या कुत्र्याशिवाय कोणी जागं नसताना, माझ्या अंगावर काटा आला. आपण पिढ्यान् पिढ्या पाकिटांत हे आकडे भरून एकमेकांच्या हातात देत आलो. ते सगळे दोन-दोन वाटांच्या नाक्यावर उभे आहेत, आणि दुसरी वाट दर वेळी नऊ-नऊ पावलं आणखी मागून येते.

दुसऱ्या दिवशी पालखी घरं घ्यायला निघाली. आमच्या वाडीत ती अकराही घरांत जाते. कोर्ट चालू होतं त्या बारा वर्षांतही जात होती. पालखीचे भोई गडग्याशी वळायचे, आमच्या अंगणातून निघून भाऊकाकांच्या अंगणात शिरायचे आणि आम्ही आमच्या पडवीच्या खांबाशी थांबायचो. यंदा मी थांबले नाही. भाऊकाका जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या दिवसांना मी आले नव्हते. मुलीची परीक्षा होती, रजा नव्हती, हे सगळं खरं होतं आणि तरी ते कारण नव्हतं. त्यांच्या सुनेनं मला बघितलं आणि काही न विचारता ओटीचं तबक माझ्या हातात दिलं. तिने स्वतः नारळ वाढवला, पालखी खांद्यावर नाचली आणि त्या दाटीत मी त्या पडवीकडे बघत होते. पेट्या रचायच्या तो कोपरा रिकामा होता. पण भिंतीच्या चुन्यावर ब्रश पुसल्याच्या निळ्या रेघा अजून होत्या. निघताना तिने पिशवीत आमसुलं घातली. “अण्णांना आवडायची आमच्याकडची,” म्हणाली. बाबांना यांच्याकडची आमसुलं कधी आली आणि कशी, हे मला माहीत नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं.

घरी येऊन आईला विचारलं, देवळाच्या देणगीचे पैसे कसे जमवले होते? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पैशाचं तुझे बाबा बघत. मला काय ठाऊक? माळ्यावर वह्या असतील.”

माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होत्या. लाल कापडी पाठीच्या, उभ्या, दोरीनं बांधलेल्या. कडुनिंबाचा पाला ठेवला होता त्याचा आता फक्त भुगा उरलेला. मुक्ता खालून शिडी धरून होती आणि मी एकेक वही खाली देत होते. ओटीवर उन्हात बसून आम्ही वर्ष शोधलं. नारळाचा शेकडा, सुपारीचा भाव, रहाटाच्या दुरुस्तीचे, पावसाआधी झाप बांधल्याचे, आणि मग एका पानाच्या डोक्यावर ‘श्री’ आणि खाली ‘सभामंडप’. बाबांचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात भागाकार मांडलेला होता, शाळकरी मुलासारखा, घराची चौकट काढून. एक लाख भागिले अकरा. भाग ९०९०. बाकी १०. बाकीच्या दहाभोवती दोनदा गोल केलेला. त्याखाली दोन शब्द, ‘एक वाढवला’, आणि पुढे ९०९१.

त्यांनी आधीपासून अकरानंच भागलं होतं. त्या पानावर दहानं भागल्याची खूण कुठेच नव्हती.

खाली अकरा नावं होती. थोरल्या घरापासून क्रमानं, वहीच्या लाल समासाच्या आत, प्रत्येकापुढे तारीख आणि ९०९१. पहिली दहा नावं, तारखा आणि आकडे बाबांच्या हातचे, एकाच शाईतले, तीन आठवड्यांत भरलेले. अकरावं नावही बाबांच्या हातचं, भाऊकाकांचं. पण त्यापुढची तारीख दीड महिना नंतरची होती आणि शाई वेगळी, निळी. मी वही उन्हाकडे तिरपी धरली. मुक्ता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचं बोट त्या शेवटच्या ओळीशी गेलं. “आत्या, हा नऊ असा काय?”

वरचा गोल छोटा, घट्ट. शेपूट खाली आलेलं, आणि मग परत वर उचललेलं. ९०९१ मध्ये दोन नऊ असतात. दोन्ही तसेच होते.

कधी आले असतील ते आमच्या ओटीवर? दावा तर त्यानंतरही तीन वर्षं चालू होता. दिवसा आले की अंधार पडल्यावर, बाबांनी त्यांना बसा म्हटलं का, वही पुढे करून ‘तुझ्या हातानं लिही’ असं म्हटलं की त्यांनी स्वतःहून पेन मागून घेतलं, आई आत असेल तेव्हा तिला आवाज कसा आला नाही? की आला होता? माजघरातून तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. मी आईला हाक मारली नाही.

मुक्तानं पावतीचा कागद पुढे केला आणि पेन माझ्या हातात दिलं. “काढून दाखव ना. आधी गोल काढायचा की शेपूट?” मी गोल काढला. हात चाळीस वर्षांनी थोडा अडखळला, शेपूट खाली आणलं आणि नेहमीच्या जागी पेन थांबलं. “अजून,” ती म्हणाली, “ह्याचं वर गेलंय.” मी परत टेकवलं आणि वर नेलं.